स्मरणचित्र

पळसाला पाने तीनच, ही म्हण मला लहानपणापासून तोंडपाठ होती. पण पळसाचे पान मी पहिल्यांदा पाहिले ते वयाच्या तेराव्या वर्षी. हे ऐकून कोणी हसेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावाकडे वाढलेल्या मुलाने पळस पाहिला नव्हता म्हणणे म्हणजे रत्नागिरीकडच्या मुलाने नारळ पाहिला नव्हता म्हणण्यासारखेच आहे. आमच्या माळावर पळस, बांधावर पळस. लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर आणि शिमग्याचा रंग पळसाच्या फुलांचा. तरीही मी म्हणतो तेच खरे आहे.

१९६९ साल होते. मी आठवीत होतो. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी एके दिवशी पळसाची एक डहाळी आणली, पाण्याच्या बाटलीत खोचून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काढा." मी पाच मिनिटांत तीन पाने काढून मोकळा झालो. तिन्ही अगदी सारखी, विड्याची पाने तबकात मांडावीत तशी. मास्तर मागून आले. त्यांनी वही पाहिली आणि न रागावता विचारले,

"हे म्हणीतलं पान झालं. टेबलावरचं कुठं आहे?"

मग त्यांनी मला हाताला धरून टेबलापाशी नेले. मधले पान मोठे आणि दोन्ही अंगांनी सारखे होते. पण बाजूची दोन्ही पाने चक्क वाकडी होती. शिरेच्या एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला अरुंद. तिघे भाऊ खरे, पण धाकट्या दोघांनी एकेका कुशीवर कललेले. "जन्मभर याच्यावर जेवलास," मास्तर म्हणाले, "पण पाहिलं नाहीस."

चित्रकलेचा माझा सारा अभ्यास त्या एका वाक्यात आला होता. पुढची वर्षे मी तेच वाक्य निरनिराळ्या कागदांवर, निरनिराळ्या रंगांत शिकत गेलो. आणि ते शिकलो असे जेव्हा मला वाटू लागले, तेव्हाच नेमका त्यात नापास झालो. पण ते पुढे सांगतो.

मास्तर मला तयार करीत होते ते एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले आणि चित्रकला शाळेत रीतसर शिकवण्याची पद्धत हळूहळू आपल्याकडे रुजली. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या त्याच्या दोन ग्रेड परीक्षा. खेड्यातल्या मुलाला चित्रकलेच्या घरात शिरायला एवढीच एक दिंडी होती. वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, भूमिती अशी कागदांची नावे मास्तर फळ्यावर लिहीत, तेव्हा ती आम्हाला मोठमोठ्या गावांच्या नावांसारखी वाटत. परीक्षेला पुसदला जायचे होते, म्हणजे एका गावाचा प्रवास तरी त्यात होताच.

वस्तुचित्राला मास्तरांनी घरचा पितळी तांब्या आणला. तांब्याचा तळ जमिनीवर सपाट बसतो हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, म्हणून सर्वांनी तळाला सरळ रेघ मारली. तांब्याचे तोंड गोल असते हेही ठाऊक होते, म्हणून वर गोल वाटोळे काढले. मास्तरांनी तांब्या उचलून आमच्या डोळ्यांच्या रेषेत धरला, तर त्याचे तोंड नुसती रेघ झाले. मग ते तो हळूहळू खाली नेऊ लागले आणि रेघेचा लंबगोल उघडत गेला. जितका खाली, तितका रुंद. म्हणजे तळाची रेषा तोंडाच्या रेषेपेक्षा अधिकच वळली पाहिजे! ठाऊक असलेला तांब्या आणि दिसणारा तांब्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कळले, तेव्हा मी दोन दिवस घरातली सगळी भांडी वरखाली करून पाहत होतो. आजीला वाटले, पोराच्या अंगात आले.

संकल्पचित्रासाठी मास्तरांनी आम्हाला जवळच्या बंजारा तांड्यावर नेले. तिथली एक म्हातारी आरशांचा, रंगीत दोऱ्यांचा कशिदा करीत बसली होती. कागद नाही, पट्टी नाही, कंपास नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. चौकटीत चौकट, कोनात कोन. तिच्या सुनेने आपले काम दाखवायला आणले, तेव्हा म्हातारीने ते आधी उलटे केले आणि मागच्या बाजूने पाहिले. "पुढून सारेच चांगले दिसते," मास्तर आम्हाला हळूच म्हणाले. ती उलट करून पाहण्याची रीत माझ्या लक्षात राहिली. कशी कामाला आली ते शेवटी येईल.

राहिले स्मरणचित्र. यात समोर काहीच नसते. 'आठवडी बाजार', 'पोळा', 'पाणवठा' असा विषय देतात आणि आठवून चित्र काढायचे असते. या कागदात मी भलताच हुशार होतो. कारण सांगतो. मी सात माणसे पाठ केली होती. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई, फेटा बांधलेला एक म्हातारा, कडेवर पोर असलेली दुसरी बाई, तराजू धरलेला वाणी, पळणारी दोन मुले आणि पाठमोरा एक शेतकरी. विषय बाजार असो की पोळा, माझी ही सात माणसे तिथे हजर असत. पोळ्याला बैलांची शिंगे हिंगुळाने रंगवली आणि त्यांना बेगड लावली की काम झाले. मास्तरांना ही लबाडी कळत होती. "तुझी माणसं कुणाचीच कुणी नाहीत रे," ते एकदा म्हणाले. पण परीक्षा तोंडावर होती, आणि मला त्या कागदात सगळ्यांत अधिक गुण मिळाले.

मास्तरांनी मला पाहायला शिकवले; रंगाला हात लावायला मात्र मी त्याआधीच शिकलो होतो, आणि ते माझ्या मायकडून. आमचे घर मातीचे. दिवाळी आली की माय भिंती लिंपायला काढी. माती, शेण आणि गव्हाचा भुसा पायांनी तुडवून एकजीव करायचा, त्याचा हात भिंतीवर फिरवायचा, तो वाळला की पांढऱ्या मातीचे पोतेरे, आणि शेवटी खालच्या अंगाला गेरूचा पट्टा. पट्ट्याच्या वर चुन्याची बोटे: पाच बोटांची पाकळ्यापाकळ्यांची ओळ. मी मध्येच हात घालीत असे. तेव्हा ती म्हणे,

"वली हाये तवरिकच हात फिरव बाबू. वाळल्यावर भित आयकत नसते."

जलरंग हाती आले तेव्हा हे वाक्य मला पुन्हा भेटले. जलरंगात पांढरा रंग डबीतून येत नाही. तो कागदाचा असतो, आणि तो आधीच राखून ठेवावा लागतो. फिक्यावरून गडदाकडे जायचे. मागे फिरायची वाट नाही. ओला आहे तोवर रंग आपले ऐकतो, एकमेकांत मिसळतो, कडा विरघळतात. वाळल्यावर त्यावर पुन्हा हात फिरवला की चिखल होतो. पेन्सिल चूक पोटात घालते, रबराने पुसू देते. जलरंग चूक जगापुढे मांडतो. सा. ल. हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे ते प्रसिद्ध चित्र आपण सर्वांनी छापील स्वरूपात पाहिलेले असते. बोटांतून झिरपणारा उजेड, चेहऱ्यावर चढलेली तांबूस छटा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कितीतरी लोक ते तैलरंगातले समजतात, पण ते जलरंगातले आहे. मास्तरांनी हे सांगितले तेव्हा आम्ही तोंडात बोट घातले. आणि त्या चित्रासाठी हळदणकरांपुढे उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. ही दुसरी गोष्ट त्या वेळी मी नुसती ऐकली. तिचे महत्त्व कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

तैलरंगाची ओळख मला बाजाराच्या वाटेवरच्या एका पेंटरने करून दिली. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. दोरीला खडू चोळून तो पाटीवर ताणून टिचकी मारी आणि एका फटक्यात सरळ रेघ उमटे. लहान चित्रावर चौकोन पाडायचे, तितकेच चौकोन मोठ्या पाटीवर पाडायचे आणि एकेका घरातली रेषा उचलून त्या घरात ठेवायची. अशाने पोस्टकार्डाएवढा हनुमान तो भिंतीएवढा करी. त्याच्याकडे तैलरंगाच्या नळ्या होत्या आणि एका बाटलीत तेल. वास घेतला तर ओळखीचा! जवसाचे तेल. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी आणि भाजीची फोडणी. तेच तेल युरोपातल्या चितारांनी शेकडो वर्षे रंगात कालवले, कारण ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. म्हणून तैलरंग वाट पाहतो. आज काढलेला गाल उद्या सुधारता येतो, परवा खरवडता येतो. फक्त खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात अधिक, एवढी शिस्त पाळावी लागते. नाहीतर वरचा थर पुढे भेगाळतो.

गावाच्या वाचनालयात दिवाळी अंक येत. आतल्या गोष्टी मोठी माणसे वाचीत, मी मुखपृष्ठे वाचीत असे. दीनानाथ दलालांची बाई एका लयदार रेषेत वळलेली. रघुवीर मुळगावकरांच्या देवांच्या गालांवर कुंचल्याचा फटकारा कुठे दिसायचाच नाही. पेंटर म्हणाला, ते काम स्प्रेचे. हवेच्या फवाऱ्याने रंग धुक्यासारखा बसतो. मी दात घासायच्या ब्रशवर रंग घेऊन बोटाने उडवून पाहिला. देवाच्या गालाला देवी आल्या, एवढेच झाले.

पुढे इंटरमीजिएट झाली, नागपूरला चित्रकला शिकलो आणि तिथून वर्गाची सहल अजिंठ्याला गेली. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर सगळे वर पाहत होते; मी, जिथे रंग झडून गेला होता, त्या खालच्या भिंतीकडे पाहत होतो. मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा दूरदेशीच्या लाजवर्द दगडाचा. ही तर आमच्या घरची भिंत! फरक एवढाच की मायचा पोतेऱ्याचा हात ओल्या भिंतीवर चाले आणि अजिंठ्याच्या चितारांनी वाळलेल्या भिंतीवर चिकट द्रव्यात कालवलेला रंग लावला. तिथेच अध्यापकांनी नकलांची गोष्ट सांगितली. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे बसून या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग जे. जे. चे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. दोनदा जळालेली ती मेहनत ऐकून आम्ही सारे हळहळलो. मी मनात म्हटले, मूळ भिंत आहे ना जागेवर, मग भय कशाचे?

मला तेव्हा ठाऊक नव्हते की माझी मूळ भिंत जागेवर राहायची नव्हती.

मी जिल्ह्यातच ड्रॉइंग मास्तर झालो. वर्गात पळसाची डहाळी ठेवू लागलो, तांब्या वरखाली करू लागलो. "ठाऊक आहे ते काढू नका, दिसतं ते काढा," हे वाक्य तर मी इतक्या वेळा म्हणे की मुले माझी नक्कल करीत. छाया दाखवायच्या तिरक्या रेषा शिकवताना मी लिओनार्दोची गोष्ट सांगे. तो डावखुरा होता. म्हणून त्याच्या रेखाटनांतल्या छायारेषा डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात. नुसत्या रेषांच्या कलावरून हात ओळखता येतो! मुले थक्क होत. मीही आपल्या ज्ञानावर खूष होई.

१९८३ साली माय गेली. वर्षश्राद्ध जवळ आले तसे घरात फोटोची शोधाशोध सुरू झाली. माहूरच्या यात्रेत पडद्यापुढे उभे करून फोटो काढणारे असत, पण तिकडे ती कधी वळली नव्हती. थोरल्या भावाच्या लग्नातला एकच फोटो निघाला; त्यात पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला आणि मान खाली. वडील म्हणाले, "तू तर चित्राचा मास्तर. काढून टाक." इतक्या सहज म्हणाले, की जणू बाजारातून मीठ आण म्हणून सांगत होते.

मी कागद ताणून फळीवर बसवला आणि पेन्सिल हातात घेतली. हेही एक स्मरणचित्रच होते. आणि त्या कागदात तर मी हुशार. कपाळ काढले, कुंकू काढले. नाक काढायला गेलो आणि थांबलो. नाक कसे होते? शेंड्याला किंचित खाली वळलेले, की ते अक्काचे? हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते; तीन की पाच? भुवया? जे जे काढावे, ती माझ्या सात माणसांतली घागर घेतलेली बाई निघे. आठ दिवस मी रात्री बसलो. तांब्या पाहिला होता, पळस पाहिला होता, वर्गमैत्रिणीचा कान पाहून तीन तास काढला होता. आणि जिच्या हातचे पंचवीस वर्षे जेवलो तिच्याकडे, ती समोर आहेच म्हणून, मी कधी पाहिलेच नव्हते. ती मला ठाऊक होती, एवढेच.

शेवटी मी चेहऱ्याचा नाद सोडला. जे खरोखर आठवत होते तेवढेच काढले. भिंतीशी उभी असलेली पाठमोरी माय, कमरेला खोचलेला पदर, हातात पोतेरे, खाली गेरूचे टोपले आणि वर अर्धी पांढरी झालेली भिंत. जलरंगात काढले. भिंतीचा पांढरा कागदाचाच राखला. हात फिरला तो ओला असतानाच फिरला, आणि इतके बरे चित्र माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

अक्का माहेरी आली होती. ती बराच वेळ पाहत राहिली. डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली,

"सारं बरोबर हाये बाबू. लुगड्याचा खोचा तसाच हाये. पण पोतेरं उजव्या हाती काहून देल्लं?"

"म्हणजे?"

"माय डावखोरी होती ना. आजी रागवे म्हून चारचौघांत उजव्यानं वाढे, उजव्यानं जेवे. भितीले मात्र डावाच हात लावे. तुले ठावं नाही?"

मी काही बोललो नाही. उठून मागच्या गोठ्यात गेलो. त्या भिंतीला माय गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. कंदील जवळ धरला. बोटांच्या कमानी एकीवर एक चढत गेल्या होत्या आणि त्या साऱ्या, आम्हा बाकीच्यांच्या हाताच्या उलट, डाव्या कोपराभोवती वळलेल्या होत्या. वाचता येणाऱ्याला अक्षरे दिसावीत तितक्या स्वच्छ. लिओनार्दोचा हात मी छापील पुस्तकातून ओळखत होतो!

घरासाठी मी दुसरे चित्र काढले. त्यात पोतेरे डाव्या हाती दिले. ते आजही घरात आहे. पण ते पहिल्याइतके साधले नाही हे मला ठाऊक आहे, आणि अक्कालाही. पहिले चित्र मी शाळेत नेले. पुढे निवृत्त होईपर्यंत स्मरणचित्राचा पहिला तास मी त्याच चित्राने सुरू करीत असे. त्यातली चूक सांगे आणि मग घरचा अभ्यास देई: आज कागद-पेन्सिल काही नको, घरी जा, जी भाकर थापते तिच्याकडे दहा मिनिटे पाहा आणि उद्या मला सांगा. दुसऱ्या दिवशी मुले काय काय सांगत! एकाची आई भाकर थापताना ओठ मिटून घेई. एकाच्या आजीला डाव्या हाताचे एक बोटच नव्हते, आणि ते त्याला कालपर्यंत माहीत नव्हते. माझी पाठ केलेली सात माणसे मी त्या वर्गात कधी कुणाला शिकवली नाहीत.

शेवटच्या वर्षी, २०१४ साली, असेच चित्र दाखवून चूक सांगितली. मागच्या बाकावर तांड्यावरून येणारी एक मुलगी बसे. कधी फारशी बोलत नसे. ती उभी राहिली.

"सर, पलटवून पाहा ना."

मला समजेना. ती पुढे आली, फळीवरून चित्र सोडवून घेतले, मागची बाजू आमच्याकडे केली आणि खिडकीच्या उन्हासमोर धरले. कागदातून उजेड झिरपू लागला. रंग फिके झाले, कडा विरल्या. पण लुगड्याचा खोचा दिसत होता, भिंत दिसत होती, आणि माय डाव्या हाताने ती पोतारीत होती.

वर्ग गप्प होता. मुलीचे हात दुखू लागले असावेत, कारण कागद किंचित हलत होता. मी तिला खाली ठेव म्हणालो नाही.